मागच्या काचेवर दगड कुणी मारला?

कुपवाड एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, असलंच काम. त्यामुळं मिरजेचे एक निवृत्त साहेब जीपमागं पांढरीशुभ्र कॅरॅव्हॅन जोडून दारात आले, तेव्हा पोरं हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. आत ओटा, पलंग, गॅस, सगळं. जीपच्या मागच्या काचेच्या जागी मात्र खताचं पोतं चिकटवलेलं.

"मिस्त्री, जतकडं निघालो होतो. रस्त्याचं काम चाललंय, नुसती खडी. कुणा पोरानं दगड मारला आणि काच खलास."

काकूंना ते पटत नव्हतं. "अहो, चिटपाखरू नव्हतं तिथं."

मी आधी कॅरॅव्हॅनचं नाकाड बघितलं. पत्र्यावर खालच्या बाजूला रंगाच्या ठिकऱ्या उडालेले दोन पट्टे, बरोबर जीपच्या मागच्या चाकांच्या रेषेत. मधला पत्रा बऱ्यापैकी साफ. कमरेच्या उंचीला एक चांगला खोल पोचा. मग काय झालं असणार ते दिसलंच. जीपच्या चाकानं खडी मागं उडवली, कॅरॅव्हॅन वेगात तिच्यावर जाऊन आदळली आणि उभ्या पत्र्यावरून खडी कॅरमच्या स्ट्रायकरसारखी उलटी फिरली. समोरची काच लॅमिनेटेड असते, तडकली तरी जागेवर राहते. मागची टफन्ड, तिला एक खडा नेमका लागला तरी अख्खी खाली येते.

काकूंनी साहेबांकडं नुसतं बघितलं.

साहेब तोडगा ठरवूनच आले होते. नाकाडावर 3 मिमीचा लोखंडी पत्रा मारून द्या. मी नाही म्हणालो. तो पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. नाकाड झाकायला 4 चौरस मीटर लागणार, म्हणजे 90 किलोच्या वर वजन, आणि त्यातलं बरंचसं जीपच्या हुकावर. शिवाय लोखंडावरून खडी जास्तच उसळणार. खडी अडवायची ती चाकापाशीच.

खडी क्रशरवरनं निघालेला कन्व्हेयरचा जुना पट्टा भंगारात मिळतो. रबराच्या आत कापडाचे थर असतात, सहजी फाटत नाही. (क्रशरच्याच पट्ट्यानं खडी अडवायची!) तो जीपच्या मागं पूर्ण रुंदीला टांगला. खालच्या कडेला लोखंडी पट्टी बोल्ट केली, नाहीतर वाऱ्यानं पट्टा उडतो आणि खडी खालनं निसटते. सायलेन्सरपाशी रबर कापून मोकळं सोडलं. माप घ्यायच्या आधी कॅरॅव्हॅन जोडून साहेब-काकूंना सामानासकट जीपमध्ये बसवलं. कारण भार पडला की जीप मागं दबते. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप रस्त्यावर घासतं. जमिनीपासून वीतभर अंतर ठेवलं. रिव्हर्स घेताना पट्टा चाकाखाली जाऊन उपटायला नको म्हणून तो वर अडकवायला दोन साखळ्या दिल्या.

एवढ्यातनंही काही खडी येणारच. तिच्यासाठी कॅरॅव्हॅनच्या दांडीवर तिरकी फ्रेम केली आणि तासगावकडं बेदाण्याच्या शेडला लावतात ती शेडनेट दुहेरी करून सैल टांगली. ताणून बसवली की खडी उसळते. सैल असली की तिचा जोर तिथंच मरतो आणि ती खाली पडते. फ्रेम वळणावर जीपला लागत नाही ना, हे आवारातच दोन्ही बाजूंना स्टेअरिंग पूर्ण कापून बघितलं.

गॅस सिलिंडर पुढंच, उघड्यावर, आणि रेग्युलेटरचं तोंड थेट जीपकडं. काचेपेक्षा मला त्याची धास्ती वाटली. त्याला चेकर प्लेटची पेटी केली, खाली भोकं ठेवून. हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर तळाशी साठतो. पेटी खालनं बंद करणं म्हणजे मरण ओढवून घेणं.

साहेबांना सगळं पटलं, वेगाचं सोडून. मी म्हणालो, खडीवर 60 ऐवजी 30 नं चाला, दगडाचा मार चौथाईवर येतो.

"तीसनं जत कधी यायचं?"

"मी सांगते ना केव्हा यायचं ते," काकू म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

जाताना त्यांच्याच हातात 13 नंबरचा पाना दिला. नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, सहजी ढिले न होणारे टाकले होते, तरी खडीचा रस्ता संपला की उतरून एकदा सगळे बघा म्हणालो.