मात्रेच्या मधला ठोका
एका गाण्याचं मिक्स करत होतो. कडव्यात नायलॉन तारांची गिटार, ब्लूजच्या शफलसारखी झुलती. हुक (परत परत येणारं ध्रुवपद) आली की ८०८ (ड्रम मशीनचा खोल बास) आणि ट्रॅप या हिप-हॉप प्रकाराच्या अंगाचे सरळ हाय-हॅट, म्हणजे झांजेचे बारीक ठोके. टेम्पो मिनिटाला १०० मात्रा. कडवं वेगळं ऐकलं की झकास, हुक वेगळी ऐकली की झकास. हुकमध्ये गिटार चालू ठेवली की मात्र गाणं लंगडायचं. तीन रात्री मी इक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारी बटणं) फिरवत बसलो.

त्यातली एक अडचण खरी होती. गाणं ई मायनरमध्ये. ८०८ चा खालचा ई ४१.२ हर्ट्झवर, त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट कंपनांचा उपस्वर) ८२.४ वर, आणि गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तीही नेमकी ८२.४ वरच. फोनच्या छोट्या स्पीकरवर ८०८ ऐकू यावा म्हणून सॅच्युरेशन (उपस्वर वाढवणारी हलकी विकृती) दिलं की हाच हार्मोनिक फुगतो आणि गिटारच्या तळाशी चिखल होतो. हुकपुरता गिटारला १२० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावला, कॉर्ड बारीक चार तारांवरच वाजवून घेतल्या. चिखल गेला. लंगडणं तसंच.

मग कान बाजूला ठेवून वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचे आलेख, मोठे करून पाहिले. १०० टेम्पोला एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. सरळ चालीत मधला ठोका ३०० वर, पूर्ण शफलमध्ये मात्रेच्या दोन-तृतीयांशावर, ४०० वर. हॅट पडत होते ०, १५०, ३००, ४५० वर. म्हणजे गिटारचा मधला फटका दर मात्रेला चौथ्या हॅटच्या ५० मिलिसेकंद आधी. एवढ्याशा अंतरात दोन चाली ऐकू येतच नाहीत, कुणाचा तरी हात चुकल्यासारखं वाटतं. इंटरफेसच्या (रेकॉर्डिंगच्या उपकरणाच्या) लेटन्सीची, म्हणजे उशिराची, शंका होती, म्हणून आउटपुटची केबल इनपुटला लावून क्लिक रेकॉर्ड केला. तो जागच्या जागी पडला.

एका जॉनरच्या बीटवर दुसऱ्या जॉनरचं वाद्य ठेवलं की फ्यूजन झालं, असं समजून लोक सॅम्पल पॅक गोळा करतात. रंग जुळवायला सगळे तयार, चाल कुणी जुळवत नाही.

उत्तर गायिकेच्या पहिल्या टेकमध्ये होतं, आणि तो टेक मी म्यूट करून ठेवला होता. मिक्समधला आवाज ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेघांना, चिकटवलेला होता. मूळ टेकमध्ये तिचे मधले शब्द ३४५ ते ३५५ च्या दरम्यान पडत होते. ना ३००, ना ४००. रेकॉर्डिंगच्या वेळी तिच्या हेडफोनमध्ये गिटार आणि हॅट दोन्ही होते. तिनं दोघांच्या बरोब्बर मधोमध पाय ठेवला होता. ते मी 'सरळ' केलं.

तिचा मूळ टेक परत आणला आणि बाकीच्यांना तिच्याकडे सरकवलं. हॅट ०, १७५, ३५०, ४७५ वर, म्हणजे साधारण ५८ टक्के स्विंग (मधला ठोका मात्रेच्या ५८ टक्क्यांवर). इथे सेटिंग नीट पाहावं लागतं: स्विंग सोळाव्या भागावर (पाव मात्रेवर) लावला तर ३०० चा ठोका हलतच नाही. आठव्या भागावर (अर्ध्या मात्रेवर) लावायचा आणि अधलेमधले हॅट हातानं बसवायचे. किक जागची हलवली नाही; मात्रा कुठेतरी घट्ट रोवलेली हवीच. गिटार आधी ताणून पाहिली, पण नायलॉनच्या तारेचा पहिला टणत्कारच पुसट होतो. म्हणून नवे हॅट कानात देऊन परत वाजवून घेतली. वादकाला काही सांगितलं नाही. मधला फटका आपसूक ३६० च्या आसपास आला.

ग्रिडवर बसवलेला आवाज ऐकून ती म्हणाली होती, "दादा, हे मी गातेय असं वाटतच नाही." मी सूर दुरुस्त करणारं ट्यूनिंग निम्म्यावर आणलं आणि तक्रार मिटली असं धरलं. ती सुराबद्दल बोलतच नव्हती.

शेवटच्या चार बारमध्ये (मात्रांच्या आवर्तनांत) हॅट थांबतात, गिटार आणि आवाज दोघंच उरतात. तिथे गिटार हळूहळू परत ४०० कडे ओढली जाते आणि आवाजही तिच्यामागे जातो. ते ३५० वर आणायचं की तसंच राहू द्यायचं, हे अजून ठरत नाहीये. तूर्त त्या चार बारना हात लावलेला नाही.