सोसायटीचं पाणी, टीसीएल आणि माझी माशांची टाकी

मासे पाळायला सुरुवात करणाऱ्यांपैकी अनेकांची टाकी दोन-तीन वर्षांत रिकामी होऊन गच्चीवर जाते. विचारलं तर उत्तर येतं, "कंटाळा आला." मला हे उत्तर पटत नाही. मासे का मरतात ते कळेनासं झालं, की त्या काचेसमोर उभं राहायचीच इच्छा होत नाही, आणि त्यालाच लोक कंटाळा म्हणतात. मीही त्याच वाटेवर होते. माझ्या बाबतीत कारण घरात नव्हतं, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत होतं. ते शोधून बंद करायला जो काळ गेला, त्याचा संताप अजून ओसरलेला नाही.

टाकी मी व्यवस्थित लावली होती. तीन फुटी, साधारण दीडशे लिटरची, स्पंज फिल्टर, बारीक वाळू, आणि व्हॅलिस्नेरिया, जावा मॉस या पाणवनस्पती. मासे आणण्याआधी पाच-सहा आठवडे ती चिमूटभर खाद्य टाकून नुसती चालवली. कुजणाऱ्या खाद्यातून आणि पुढे माशांच्या विष्ठेतून माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हे जीवाणू वाढेपर्यंत थांबलं की पुढची निम्मी दुखणी टळतात. रोझी बार्ब आणि झेब्रा डॅनिओ दीड-दोन वर्षं मजेत होते.

मग एका पावसाळ्यात सगळं फिसकटलं. रविवारी नेहमीसारखं पाव टाकी पाणी बदललं आणि तासाभरात मासे वर येऊन धापा टाकायला लागले. काही संध्याकाळपर्यंत गेले. उरलेले सावरले असं वाटलं, तर आठवड्याने पाणी दुधाळ झालं आणि पुन्हा मरतूक सुरू झाली. दुकानदाराने औषध दिलं, दुसऱ्याने मीठ टाकायला सांगितलं. थोडे दिवस ठीक गेले की पुन्हा तेच. नवे मासे आणावेत असंही वाटेना. आमच्या ह्यांनी टाकी विकायचा विषय काढला तेव्हा मी नाही म्हटलं, पण आतून होच म्हणत होते.

उत्तर मिळालं ते गावाकडे. आमच्या वन्संच्या गावी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात. छोट्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. त्या रसायनाची बाटली मी पुण्यात विकत घेतली आणि आमच्या नळाचं पाणी रोज तपासायला लागले. बहुतेक दिवशी फिकट पिवळा. एका सकाळी मात्र थेट नारिंगी. क्लोरीन फार जास्त असलं की असा गडद रंग येतो.

आमच्या उपनगरात महापालिकेचं पाणी पुरत नाही. टँकर आणि बोअरचं पाणीही त्याच जमिनीखालच्या टाकीत पडतं. पावसाळ्यात कुणाच्या पोटाची तक्रार आली की ऑफिसातून टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, टाकायला सांगतात. किती, ते कुणीच सांगत नाही. पंप बघणारे काका मगाने टाकतात, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही. त्यांना कुणी मापच दिलेलं नव्हतं.

हिशेब सोपा आहे. चांगल्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ५० हजार लिटर पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन हवं, तर शुद्ध क्लोरीन १०० ग्रॅम, म्हणजे पावडर साधारण ३०० ग्रॅम. आमच्याकडे कधी एक मग, कधी तीन. पोतं उघडं ठेवलं की पावडरीचा जोर उतरतो, म्हणून जुनं पोतं असेल तर कमी आणि नवं उघडलं तर एकदम जास्त. नळाच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. माणसाला ते सुरक्षित आहे, पण माशांच्या कल्ल्यांना तेवढंही सोसत नाही. शिवाय क्लोरीनने फिल्टरमधले जीवाणू मरतात, मग अमोनिया साठतो. आठवड्याने येणारी दुसरी मरतूक त्याचीच होती.

हे सगळं कागदावर मांडून मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. माझी मागणी एवढीच होती की पावडर टाकायच्या आदल्या दिवशी सूचना द्या आणि मोजून टाका. मॅनेजर म्हणाले, "अहो ताई, माणसं पितात तेच पाणी. माशांना काय होतंय?" मी रंग दाखवला. ते म्हणाले, "सेक्रेटरीसाहेबांशी बोला." सेक्रेटरी म्हणाले, "अर्ज द्या, कमिटीत ठेवतो." अर्ज दिला. कमिटीची बैठक झाली, माझा अर्ज निघालाच नाही. पुढच्या बैठकीच्या वेळी कळलं की तो सापडत नाही. पहिल्या अर्जाची पोच मी हट्टाने घेतलेली होती म्हणून तो दिलाच नव्हता असं कुणाला म्हणता आलं नाही. तुम्हीही पोच घ्याच, शिक्का आणि तारखेसकट.

मग विषय गेला वार्षिक सर्वसाधारण सभेवर. ती सप्टेंबरअखेर होते, म्हणजे पावसाळा जवळजवळ सरल्यावर. विषयपत्रिकेत माझं पाणी नव्हतं, "ऐनवेळचे विषय" यात टाकलं होतं. पार्किंगवर दोन तास वाद झाला आणि माझी पाळी आली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "माशांसाठी सोसायटीचे नियम बदलायचे का?" आणि लोक हसले. त्या हसण्याने मला जेवढं दुखावलं तेवढं मेलेल्या माशांनीही नाही.

त्या रात्री मी माशांचा मुद्दा अर्जातून काढून टाकला. नव्या अर्जात फक्त माणसं होती. ज्या दिवशी नळाचं पाणी नारिंगी आलं त्या तारखा, आणि त्याच दिवसांत मुलांचे डोळे चुरचुरल्याच्या, अंगाला खाज सुटल्याच्या बायकांच्या तक्रारी. त्या मी मजल्यामजल्यावर जाऊन लिहून घेतल्या. खाली त्यांच्या सह्या. पावडरीचा हिशेब आणि ओटी टेस्टचे फोटो जोडले. हा अर्ज पुढच्याच बैठकीत निघाला. आता ऑफिसात वजनकाटा आहे, मोजून पावडर जाते, आणि आदल्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना येते. जे काम एका आठवड्याचं होतं त्याला दोन पावसाळे लागले. तरीही सूचना विसरलीच तर पंपवाले काका मला स्वतःहून फोन करतात. त्या सगळ्या काळात माझं म्हणणं पहिल्यांदा ऐकून घेतलं ते त्यांनीच.

सोसायटीत राहणाऱ्यांनी एवढं करून ठेवावं: ५० लिटरचे दोन ड्रम. सूचना आली की भरून घ्यायचे. एरवीही पाणी बदलायच्या आदल्या दिवशी ड्रम भरून त्यात एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला की चोवीस तासांत साधं क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट; दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतं ते बहुधा हेच. रोजच्या नळाच्या पाण्याला १०० लिटरमागे एक-दोन ग्रॅम पुरतं, पण नारिंगी रंगाच्या दिवशी त्या भरवशावर राहू नका, पाणी बदलूच नका. आणि ओटी टेस्टचा नमुना मोरीत ओता, टाकीत परत नको. ते रसायन विषारी आहे.

पाणी स्थिर झाल्यावर मासे जगायला लागले, आणि मग छंदाला पुढे काहीतरी हवं होतं. नवनवे रंगीत मासे आणत राहण्यात मला फार दिवस रस वाटला नसता. मी एकच जात धरली: पट्टेरी पँचॅक्स. कोकणातल्या ओढ्या-तळ्यांत, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हा मूळचा मासा. पृष्ठभागाखाली दबा धरून बसतो, डासांच्या अळ्या खातो आणि उडी अशी मारतो की झाकणाशिवाय ठेवता येत नाही. लोकरीचा झुपका बुचाला बांधून तरंगत ठेवला की मादी त्यात रोज थोडी थोडी अंडी चिकटवते. ती बोटाने वेगळ्या डब्यात काढायची. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं निघतात. त्यांना ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं, खायला लागतात. पहिल्या वेळी डब्यात डोळे दिसायला लागले तेव्हा मी सगळ्या घराला उठवलं.

वहीत तारखा लिहायची सवय त्या अर्जाच्या भांडणात लागली, ती इथे कामी आली. कोणत्या जोडीची अंडी, पाण्याचं तापमान किती, किती फुटली. हे लिहायला लागल्यापासून टाकीसमोर बसायला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

गणपतीला गावी जाताना शेजारणीला खाद्याचा डबा देऊ नका, प्रेमाने फार घालतात. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. फारच वाटलं तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या. पिल्लं असतील तर मात्र जाऊ नका, किंवा जाणत्या माणसाला बसवा. उन्हाळ्यात पुण्यात पाणी ३० अंशांच्या वर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप बॅटरीवर चालणारा असू द्या.

पिल्लं जास्त झाली तर नदीत सोडू नका. कुणीतरी असेच सोडलेले सकर मासे आज उजनीच्या जाळ्यांत येतात आणि मच्छीमारांची जाळी फाडतात. माझी पिल्लं मी दोन दुकानदारांना आणि तीन शाळकरी मुलांना देते. दुकानदार पैसे देत नाहीत, बदल्यात खाद्य देतात. मुलांना मी पिल्लांबरोबर ओटी टेस्टची बाटलीही देते.