आमची वाटचाल : स्टुडिओच्या लाइट बॉक्सवर ड्रोनची पाती

नागपूरच्या महाल भागात बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रिटचिंग करणाऱ्या शेवटच्या पिढीतले ते. मी डिजिटलवर आलो आणि २०१७ मध्ये एक वापरलेला फँटम ३ ड्रोन घेतला. ऑक्टोबर २०१४ पासून डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, नागरी ड्रोनना मनाई होती, हे मला फार उशिरा कळलं. लग्नाच्या बाजारात कोणी विचारतही नव्हतं. फुशारकी नाही मारत. घडलं ते सांगतो.

काटोल रोडवरचं लॉन, मे महिना, वरात दारात. घाईत चारही प्रॉप्स (ड्रोनचे पंखे) बोटांनी नुसते फिरवून बसवले. त्या मॉडेलचे प्रॉप्स मोटरच्या दांड्यावर आट्यांनी बसतात आणि फिरता फिरता आपोआप आवळतात, म्हणून पिळायची तसदी घेतली नाही. वरून झपकन खाली आणायला स्टिक ओढली अन् एक प्रॉप सुटून मांडवाच्या झालरीत गेला. ड्रोन गवतात आपटला. कोणाला लागलं नाही, नशीब! नवरदेवाचे मामा जवळ येऊन म्हणाले, "काय भाऊ, नट कसत नाही काय तू?"

पोटावर पाय आला तेव्हा त्यामागचं गणित शिकलो. मोटर पुढे ओढते, हवा पात्याला मागे रेटते. या ओढाताणीत आटे घट्ट होतात. म्हणून घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या मोटरला उलटे आटे आणि तिच्याविरुद्ध फिरणाऱ्या मोटरला सरळ. पण मोटरचा वेग एकदम पडला की प्रॉप स्वतःच्या जोराने पुढे जाऊ पाहतो, आणि सैल असला तर तिथेच उघडतो. हाताने पक्कं पिळायचंच, आपोआप बिपोआप काही नाही.

मग मी दुसरं टोक गाठलं. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावतात ते निळं थ्रेडलॉकर प्रॉपच्या आट्यांना लावलं. महिन्याभरात बाबांनी एक प्रॉप निगेटिव्ह बघायच्या जुन्या लाइट बॉक्सवर ठेवला आणि नखाने दाखवलं: मधल्या बुडख्याला केसाएवढी चीर. ते रसायन प्लास्टिक तडकवतं. मी दहा वेळा पाहून जे दिसलं नव्हतं, ते निगेटिव्ह पाहिलेल्या डोळ्यांनी एका झटक्यात पकडलं. त्या दिवसापासून आमच्याकडचा प्रत्येक प्रॉप बाबांच्या हाताखालून जातो. पांढरे उजेडावर धरतात; करडे हलके वाकवून पांढरी रेघ उमटते का बघतात; कडेवरून नख फिरवतात. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मांजाने कापलेल्या कडा हमखास सापडतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. असलेलेच ड्रोन टिकवायची लोकांना गरज पडली आणि आमचं शूटिंग मागे पडून दुरुस्ती पुढे गेली. आज महिन्याच्या कमाईत दुरुस्तीचा वाटा मोठा. लग्नं घेतो, पण वर्धा रोडला विमानतळाच्या रेड झोनमधली (जिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही) लॉन्स सरळ नाकारतो. गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे.

काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतो तो प्रॉपच्या आकड्यांवरून. ९४५० म्हणजे व्यास ९.४ इंच आणि पिच, म्हणजे एका फेरीत प्रॉप जितका पुढे सरकेल ते अंतर, ५ इंच. मिनी या छोट्या ड्रोनचं ४७२६ म्हणजे ४.७ आणि २.६. उन्हाळ्यात पोरं येतात, "दादा, मोठा पंखा द्या, ताकद कमी पडून राहिली." ताकद खरंच कमी पडते. ४५ अंशांत हवा १५ अंशांपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ असते. पण मोठ्या प्रॉपने मोटर जास्त करंट खाते आणि आधीच तापलेली आणखी तापते. मी सांगतो, सकाळी सातला उडवा, आणि प्रॉप्स गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने वाकतात. कार्बन फायबरचे मी ठेवतच नाही. कडक असतात, पण बोट गेलं तर गेलंच.

मिनीचं प्रकरण वेगळं. तिथे पाती स्क्रूने बसतात. एक तुटलं तरी त्या मोटरची दोन्ही बदलायची, एकाच पाकिटातली, नवीन स्क्रूसकट. स्क्रू धातूत जातो म्हणून त्याच्यावरचं निळं लॉकर तिथे योग्य. ३० तासांच्या उड्डाणानंतर पुन्हा तपासायचं. स्वस्त पाकिटांतल्या दोन पात्यांच्या वजनात फरक निघतो. त्यासाठी इतवारीच्या सराफाकडे असतो तसला काटा घेतला आहे. फरक राहिला की व्हिडिओ जेलीसारखा थरथरतो आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात.

कोपऱ्यातल्या मोटरी तिरप्या जोडीने सारख्या फिरतात, खुणा जुळवूनच लावा, असं बजावूनही उमरेडचा एक गडी आमच्याच दारात चुकीचे लावून ड्रोन उडवायला गेला. तो जागेवरच उलथला.

आता बाद प्रॉप आम्ही कैचीने दोन तुकडे करूनच टाकतो. पूर्वी अख्खेच टाकायचो. एकदा एक जण आमच्याच डब्यातून उचलून घेऊन गेला आणि आठवड्याने ड्रोन घेऊन परत आला, "तुमच्याकडचाच आहे, बदलून द्या" म्हणत. बाबांनी लाइट बॉक्स लावला, चीर दाखवली, आणि नवीन प्रॉपचे पैसे घेतले.