तग धरणे आणि स्थिर असणे

निसर्ग आणि समाज धक्के कसे पचवतात हे सांगायला लवचिकता हा शब्द मला अपुरा वाटतो. त्यातून वाकून पुन्हा सरळ होणारी छडी डोळ्यांसमोर येते. निसर्ग आणि त्यावर जगणारा समाज मात्र धक्क्यानंतर जसेच्या तसे पूर्वपदावर क्वचितच येतात. परिसरशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये स्थिर असणे (धक्क्यानंतर पुन्हा मूळ समतोलाला येणे) आणि तग धरणे (बदल पचवूनही मूळ घडण टिकवणे) यांत केलेला भेद म्हणूनच मोलाचा आहे.

उथळ तळे घ्या. शेतांतून खताबरोबर वाहून आलेला फॉस्फरस वर्षानुवर्षे साचत असतो, तरी तळाशी रुजलेल्या पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात, पाणी नितळ दिसते आणि काठावर कोणालाही शंका येत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात शेवाळ माजते, तळापर्यंत उजेड पोहोचेनासा होतो, वनस्पती मरतात, गाळ ढवळला जातो आणि पाणी गढूळच राहते. आता खताचा वापर पूर्वीच्या पातळीवर आणून भागत नाही. गाळातला फॉस्फरस पाण्यात उतरत राहत असल्यामुळे त्याहून बरेच खाली जावे लागते.

अशा तळ्यासारखी सामायिक संसाधने दीर्घकाळ टिकवणाऱ्या समूहांत नियम बदलण्याचा अधिकार बहुधा वापरणाऱ्यांकडेच असतो, असे २००९ च्या अर्थशास्त्रातील नोबेलच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना आढळले. जाळ्याची वीण केवढी असावी, मासेमारी कधी थांबवावी, हे रोज पाण्यात उतरणाऱ्याला लवकर उमगते. ‘अनुकूलन’, म्हणजे बदलाशी जुळवून घेणे, हा गोड शब्द मला खटकतो तो इथेच: तळे बिघडते वरच्या शेतांतल्या खताने आणि जाळे गुंडाळून दुसरे काम शोधावे लागते ते मच्छीमाराला.