टी-25 चा पहिला हंगाम: बिनपाण्याचा रशियन आणि कोठीचा पत्रा

मंडळी, मागच्या वेळी इंजिन चालू झाल्याचं लिहिलं आणि मग सात महिने गायब झालो, त्याबद्दल शिव्या खायला तयार आहे. पण कारण चांगलंय, ट्रॅक्टर कामाला लागला होता. बंद होता तेव्हा रोज रात्री लिहायला वेळ मिळायचा, चालू झाला आणि सगळा वेळ शेतात गेला.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रशियन टी-25, व्लादिमीर शहरातल्या कारखान्यातला, 2 सिलेंडर, 25 हॉर्सपॉवर, हवेवर थंड होणारा. उदगीरकडच्या एका खळ्यावर बारा-तेरा वर्षं उभा होता, मागच्या हुकातून बाभळ उगवून चांगली डोक्याएवढी झालेली. 65 हजारात आणला, त्यात बाभळ तोडायची मजुरी आमचीच. आमच्या औसा भागात झेटर म्हटलं की लोकांना कळतं, कारण एचएमटीनं पिंजोरला ट्रॅक्टरची सुरुवातच त्या चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून केली, त्यामुळं त्यांचं 2511 मॉडेल घरोघरी बघितलेलं असतं. टी-25 म्हटलं की समोरचा विचारतो, "ट्रकचं नाव हाय का?"

आधी आवाजाबद्दल सांगतो, कारण रस्त्यानं चाललो की प्रत्येकजण तेच विचारतो. दोन ठोके लागोपाठ, मग गॅप, परत दोन ठोके, परत गॅप. पहिल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी थांबवून सांगितलं की मालक, एक सिलेंडर मिस मारायलंय. मिस काही मारत नाही. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) दोन पिना एकमेकींच्या उलट बाजूला आहेत, त्यामुळं पहिलं सिलेंडर पेटलं की अर्ध्या फेऱ्यात दुसरं पेटतं आणि मग दीड फेरा कोणीच पेटत नाही, नुसतं फ्लायव्हील ओढत नेतं. आता तो आवाज इतका डोक्यात बसलाय की पोराचा नवा तीन सिलेंडर चालवला की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

आता खरी गोष्ट, मे महिन्याची.

मोगडा (नांगरटीनंतर ढेकळं फोडायची मशागत) घालायला काढला, ऊन बेचाळीसच्या पुढं, जमीन तापलेली. पहिला तास मस्त. दुसऱ्या तासाला तेलाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. या गाडीत पाण्याचा काटा नाही, पाणीच नाही तर काटा कशाचा, त्या मीटरवर रशियन अक्षरात "मास्लो" लिहिलंय, मास्लो म्हणजे तेल. तेलाचा काटा लाल पट्ट्याला टेकला तसा मी बांधावर लिंबाखाली घेतला. शेजारच्या रानातले तात्या लांबून बघत होते, त्यांना वाटलं गरम झाला, बिचारे पळत घागर घेऊन आले. म्हणले, टोपण कुठंय? म्हणलं तात्या, याला टोपणच नाही. समोरची जाळी काढून दाखवली तर आत पंखा. त्यांनी एकदा पंख्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि घागर वर करून स्वतःच पाणी पिऊन टाकलं.

बरं झालं टोपण नव्हतं म्हणून, आणि त्याहून बरं झालं की तात्यांनी घागर इंजिनावर ओतली नाही. हवेवरचं इंजिन लालबुंद असताना गार पाणी टाकलं तर हेड तडकायचा धोका असतो. असली गाडी ज्यांच्याकडं आहे त्यांनी घरातल्या सगळ्यांना एवढं एक सांगून ठेवा. धुवायचा तर पूर्ण थंड झाल्यावरच, मी तर सकाळी धुतो.

संध्याकाळी उघडून बघितला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांचे रबरी रिंग कडक होऊन तेल झिरपत होतं, त्या तेलावर धूळ बसली, धुळीवर भुसा बसला आणि मागच्या सिलेंडरच्या पंखांत (फिन्स हो, त्या चकत्या) अक्षरशः लिंपल्यासारखा थर झाला होता. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर ढेपीसारखे तुकडे पडले. हे एक. दुसरं मात्र मला आधीच कळायला पाहिजे होतं. आधीच्या मालकानं इंजिनाच्या बाजूचे पत्रे काढून टाकले होते. मीही बसवले नाहीत, कारण डोक्यात हेच की उघडं इंजिन जास्त गार राहतं. साफ उलटं आहे! पुढचा पंखा हवा ढकलतो, ती हवा पत्र्याच्या आत कोंडली गेली तरच दोन चकत्यांमधल्या बारीक फटीतून जाते. पत्रा नसला की हवेला सोपी वाट मिळते, ती बाजूनं निघून जाते, आणि मागचं सिलेंडर भाजत राहतं. माणसाचं पण असंच असतं म्हणा, सोपी वाट दिसली की... असो.

पत्रे मिळायचा प्रश्नच नव्हता. घरी आज्जीची ज्वारीची जुनी कोठी होती, तळ सडलेला पण अंगाचा पत्रा असा जाड की आजकाल तसा बघायला मिळत नाही. ती घेऊन औशाला पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडं गेलो. पुठ्ठ्याचे माप कापून नेले होते, इंजिनाचे फोटो पण. चाचांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "म्हंजे इंजिनला झबलं शिवायचंय म्हना की." दोन दिवस लागले. दोन्ही बाजूंचे पत्रे, वरचा वाकवलेला भाग आणि दोन सिलेंडरच्या मधे एक छोटा पडदा. तो मधला पडदा सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याशिवाय हवा दोन सिलेंडरच्या मधून सरळ पळून जाते. चकत्यांपासून पत्रा जितका जवळ तितकं चांगलं, फक्त घासायला नको. चाचांनी एका जागी आतून कोठीवरची जुनी निळी फुलं तशीच ठेवली, मुद्दाम. मी रंग नाही मारला त्याच्यावर.

नळ्यांच्या रिंगांचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा एका दुकानातून आणल्या, व्हायटॉनच्या (उष्णता सोसणारं रबर) म्हणून पैसे घेतले आणि पंधरा दिवसांत वाळल्या बोरासारख्या कडक झाल्या. दुसऱ्यांदा लातूरला एमआयडीसीत हायड्रॉलिकचं काम करणाऱ्याकडून माप देऊन घेतल्या, त्या आजपर्यंत कोरड्या आहेत. रिंगा घेताना आधी एक रिंग सायलेन्सरजवळ ठेवून बघा, कळतं.

हे सगळं करून जूनच्या पहिल्या आठवड्यात परत मोगडा जोडला. सलग चार तास. काटा मधे जाऊन बसला तो हललाच नाही. तात्या आले होते परत, घागर नव्हती यावेळी.

इथं जरा आडवं जातो. लातूरकरांना 2016 चा एप्रिल आठवत असेल, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, जलदूत. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आठवड्याला दोन घागरी जास्त मिळाल्या तरी सण वाटायचा आणि आबा ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये घालायला भांडी घासलेलं पाणी फडक्यानं गाळून ठेवायचे. पुढं रेडिएटर गाळानं चोंदला ते वेगळं. हा टी-25 आणला तेव्हा आबांना इंजिन, गियर, कशातच रस नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, याला पाणी किती लागतं? शून्य म्हटल्यावर म्हणाले, मग राहू दे. रशियनांनी तो थंडीसाठी बनवला असेल, पाणी गोठून ब्लॉक फुटायची भीती नको म्हणून सोय होत असेल त्यांना, आमची सोय भलत्याच कारणानं झाली. हवेवरची इंजिनं आपल्याला नवी नाहीत म्हणा, जुन्या आयशर ट्रॅक्टरवाल्यांना विचारा.

पुढं कामाचं. पेरणी मी यानं केली नाही, खोटं कशाला सांगू, पाऊस आला की घाई असते आणि पोरगा त्याच्या ट्रॅक्टरनं दोन दिवसांत पेरून मोकळा झाला. पण सोयाबीनची कोळपणी पूर्ण यानंच केली, दोन पाळ्या. मागचे टायर अरुंद, चाकांतलं अंतर कमी-जास्त करता येतं आणि वजन दोन टनांच्या आतबाहेर, त्यामुळं ओळीत चालतो आणि काळ्या रानात जड गाडीसारखी माती दबून पाटी पडत नाही. माझा आधीच्या मालकानं कापसासाठी उंच करून ठेवला होता. या गाडीची ती एक गंमत आहे, मागच्या चाकाजवळची फायनल ड्राइव्हची (चाक फिरवणाऱ्या शेवटच्या गियरची) घरं फिरवून बसवली की पोट उंच होतं, कापूस कमरेला आला तरी वरून जातो. पण आमचं रान उताराचं, उंच गाडीवर बांधाकडेनं चालताना पोटात गोळा यायचा. खाली घेतला. चेन ब्लॉक, दोन माणसं, दोन दिवस आणि एक ठेचलेलं बोट. पुढची उंची पण तेवढीच उतरवायची विसरू नका, मी विसरलो होतो, संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर आकाशाकडं तोंड करून उभा होता.

नवीन घेणाऱ्यांनी हायड्रॉलिकचं एक समजून घ्या नाहीतर पहिल्याच दिवशी नाराज व्हाल. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला ड्राफ्ट असतो, जमीन कडक लागली की अवजार स्वतः थोडं उचलतं. याला तसलं काही नाही. पंप वेगळा, व्हॉल्व्हचा डबा वेगळा, सिलेंडर वेगळा. लिव्हर फ्लोटला टाकायचा, म्हणजे अवजार मोकळं सोडायचं, आणि खोली अवजाराच्या चाकानं धरायची. मी बिनचाकाचा नांगर लावला तर असा घुसला की इंजिन जागेवर बसलं. मग जुन्या तिफणीचं लोखंडी चाक नांगराला वेल्ड केलं, आता सगळीकडं एकसारखी खोली येते, पोराच्या गाडीपेक्षा एकसारखी. (त्याला हे पटत नाही.)

गियर 8 पुढचे, 6 मागचे. मागचे सहा कशाला म्हणून हसलो होतो, आता खळ्यावर ट्रॉली लावताना कळतं.

तेलाच्या फिल्टरचं विचारलं होतं काही जणांनी. कार्ट्रिज नाहीच, सेंट्रिफ्यूज आहे. एक वाटीसारखा रोटर तेलाच्याच दाबानं गरगर फिरतो, घाण बाहेरच्या भिंतीला चिकटते. उघडायचं, खरवडायचं, डिझेलनं धुवायचं, परत बसवायचं, विकत काहीच आणायचं नाही. पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत बोटभर थर निघाला, काळा आणि काकवीसारखा घट्ट. चमच्यानं काढला, चमचा घरातला होता आणि त्यावरून जे झालं ते इथं लिहित नाही. रोटर नीट आहे का बघायची सोपी खूण म्हणजे इंजिन बंद केल्यावर कान द्या. सगळं शांत झाल्यावरही तो अर्धा मिनिट तरी गुणगुणत राहतो. गुणगुण आली नाही तर चोक झालाय, उघडा.

पार्टची रड आहेच, लपवत नाही. पिस्टन रिंगांसाठी मी दोन महिने फिरलो, मग कळलं की रशियनांच्या त्या काळच्या हवेवरच्या ट्रॅक्टर इंजिनांचं बोअर-स्ट्रोक (सिलेंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) एकच, 105 बाय 120 मिलिमीटर. टी-40 या त्यांच्याच मोठ्या ट्रॅक्टरला चार सिलेंडर आहेत पण एकेक सिलेंडर मापानं हेच. त्यामुळं शोधताना नुसतं टी-25 म्हणू नका, माप सांगा, दुकानदार नाव ऐकून नाही म्हणतो आणि माप ऐकून मागं जाऊन डबा काढतो. सिलेंडर आणि हेड सुटेसुटे आहेत, एक खराब झालं तर एकच काढायचं, ब्लॉक कुठं पाठवायची गरज नाही. व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनवर 0.30 मिलिमीटर ठेवलाय. पुढचे टायर 6.00-16, कुठंही मिळतात. फॅन बेल्ट दोन जास्तीचे सीटखाली ठेवलेत, कारण बेल्ट तुटला की या इंजिनाला काही मिनिटांचीच सवड आहे, पाण्याच्या इंजिनासारखी दया नाही.

डिझेल कोळपणीला तासाला अडीच लिटरच्या आसपास पडलं, डबा भरून आणि घड्याळ लावून मोजलंय, दोनदा. मोगड्याला जास्त, साडेतीनपर्यंत. एकूण खर्च खरेदी धरून 1 लाख 18 हजार झाला, बायकोला 90 सांगितलाय. कागदपत्रांचं प्रकरण अजून चालूच आहे, त्यावर लिहिलं तर बीपी वाढतं म्हणून सोडतो.

हरभरा पेरून झाल्यापासून गाडी शेडमध्ये आहे. आबा रोज संध्याकाळी जाऊन पाच मिनिटं चालू करतात, बॅटरी उतरू नये म्हणून असं सांगतात. बंद केला तरी लगेच उतरत नाहीत. गुणगुण थांबेपर्यंत सीटवर बसून राहतात, मग उतरतात.

आता क्लच काढायचाय, गरम झाला की पहिला गियर कुरकुरतो. आणि डायनॅमो चार्ज करत नाही तो बघायचाय. कोणाकडं क्लच प्लेटचं बाहेरचं माप आणि आतल्या दात्यांची संख्या असेल तर कळवा, उघडायच्या आधी प्लेट हातात आणून ठेवीन म्हणतो.