नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत

अवजड वाहनांच्या चालकांना बचावात्मक वाहनचालन शिकवण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करतो आहे. या काळात शेकडो चालकांच्या शेजारी केबिनमध्ये बसलो असेन, पण गेल्या हिवाळ्यातील एका मंगळवारी पुण्याजवळ शिंदेवाडीच्या पुढच्या नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे ऐकले, किंवा खरे तर जे ऐकू येणे थांबले, त्यामुळे माझी शिकवण्याची पद्धतच बदलली.

एका रसायन वाहतूक कंपनीने सात टँकरचालक उजळणीसाठी पाठवले होते. धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि ते सातही जणांनी पूर्वीच घेतलेले होते. त्यामुळे सकाळच्या वर्गात सांगितलेले पुष्कळसे त्यांना माहीत होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे डोळ्यांनी धोका पाहून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एका लांब ट्रकपेक्षा जास्त रस्ता संपलेला असतो, हे मी फळ्यावर मांडले तेव्हा त्यांनी माना डोलावल्या. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा वळणावर अधिक बेभरवशाचा असतो, कारण आतले द्रव एका बाजूला धाव घेते, हे तर त्यांनीच मला उदाहरणांसह सांगितले.

त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ चालक माण तालुक्यातले होते. बाकीचे सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. चोवीस वर्षे गाडी चालवून त्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता, आणि वर्गात ते हात घडी घालून शेवटच्या बाकावर बसले होते. त्या बसण्यात उर्मटपणा नव्हता. ज्याला रस्त्याने शिकवले आहे त्याला फळ्याने काय शिकवावे, एवढाच प्रश्न त्यात होता, आणि तो प्रश्न मला रास्तच वाटतो.

जेवणाआधी मी एकेकाला रस्त्यावर नेतो. कंपनीचाच रिकामा टँकर, गाडीच्या सॉकेटला जोडलेला, इंजिन किती डिझेल घेते ते वाचणारा स्कॅनर, त्यातले आकडे नोंदवणारा माझा टॅब, आणि चालकाला एकच सूचना: जे दिसते आहे आणि जे करणार आहात ते मोठ्याने बोलत गाडी चालवा. ही बोलत चालवण्याची रीत फार जुनी आहे आणि पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात ती पूर्वीपासून वापरली जाते. तिचा उपयोग साधा आहे. चालकाची नजर कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्याला कळत नाही, पण तो बोलू लागला की नजर ऐकू येते. बंपरपुढच्या दहा मीटरविषयी बोलणारा माणूस आणि पुढच्या वळणाविषयी बोलणारा माणूस एका मिनिटात वेगळे ओळखता येतात.

मामांना आधी अवघडल्यासारखे झाले. वडगावपर्यंत ते जेमतेम चार वाक्ये बोलले. मग त्यांची जीभ सैल झाली, आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरून परत फिरेपर्यंत मी लिहून घ्यायचे विसरून नुसता ऐकत बसलो होतो. "डावीकडं रिक्षा उभी हाय. त्याचा उजवा पाय बाहेर आलाय, मान मागं गेलीय, म्हंजे आता वळवणार." रिक्षा खरोखरच वळली. "पुढच्या पिकअपच्या ताडपत्रीची दोरी सुटलीय, जरा मागं राहू." "त्या हाटेलासमोर पाणी सांडलंय, म्हंजे गाड्या धुत्यात. आतनं कोनतरी मागं घेत बाहेर येनार." इतके बारीक निरीक्षण मी शिकवू शकत नाही. ते हजारो फेऱ्यांनीच येते. मी त्यांना तसे सांगितले, तेव्हा ते फक्त "व्हय" म्हणाले आणि पुढे बोलत राहिले.

बोगदा आला. "लाइट लावली. डाव्या लेनमधी. पुढची गाडी लांब हाय." बोगदा संपला, उजेड आला, रस्ता उतरू लागला आणि मामा गप्प झाले.

मी त्यांच्याकडे पाहिले तर डावा हात गिअरच्या दांड्यावर गेला होता. क्लच दाबला, दांडा मधोमध, म्हणजे न्यूट्रलवर आला, क्लच सुटला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. केबिनमध्ये इतकी शांतता झाली की मागच्या रिकाम्या टाकीची झाकणे वाजलेली ऐकू येऊ लागली. काटा ५० वरून ५५ कडे सरकत होता. साताऱ्याकडून पुण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला हा उतार माहीत आहे. बोगद्यापासून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर आणि नवले पुलापर्यंत तो सलग आहे, आणि ज्या ठिकाणी तो संपतो तिथेच शहराची गर्दी सुरू होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी याच उताराच्या तळाशी एका अवजड वाहनाने ओळीने कित्येक गाड्या ठोकल्या होत्या.

मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "मामा, ब्रेकने वेग आधी चाळीसखाली आणा, मग चौथा टाका." त्यांनी आणला, टाकला, इंजिनाने पुन्हा गाडी धरली. सगळे मिळून अर्धा मिनिट झाले असेल. वेळेवर सांगितले म्हणून गिअर पडला. वेग वाढल्यावर तो पडत नाही, दांडा नुसता खरखरतो आणि चालकाच्या हाती उरतात फक्त ब्रेक.

त्या ब्रेकवर किती भार येतो याचा हिशोब मी प्रत्येक तुकडीला मांडून दाखवतो, आणि इथेही मांडतो, कारण तो ऐकल्याशिवाय उताराचे गांभीर्य कळत नाही. २५ टनांची भरलेली गाडी उताराने १०० मीटर उंची खाली आली की तिचा वेग तेवढाच ठेवण्यासाठी जी उष्णता बाहेर टाकावी लागते, तिच्यात सुमारे ८० लिटर साधे पाणी उकळीला येईल. गाडी गिअरमध्ये असेल आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा ब्रेक) चालू असेल, तर यातला मोठा वाटा इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये जवळजवळ सगळा भार चाकातल्या ड्रमवर आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरवर पडतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, चालक पुन्हा पुन्हा पेडल मारतो तशी ब्रेक चालवणाऱ्या हवेच्या टाकीतली हवाही संपत जाते, आणि इंजिन नुसते आयडलवर असल्याने कंप्रेसर ती हवी तितक्या लवकर भरून देत नाही. कोणी इंजिनच बंद केले असेल तर कंप्रेसरही नाही आणि पॉवर स्टिअरिंगही नाही. बातमीत मग 'ब्रेक निकामी झाल्याने' असे छापून येते. ब्रेक आपोआप निकामी झालेले नसतात, त्यांच्यावर इंजिनाचेही काम टाकलेले असते.

नवले पुलाच्या पुढे गाडी बाजूला घेऊन मी विचारले, "मामा, बोगद्यानंतर तुम्ही गप्प का झालात?" त्यांना प्रश्नच कळला नाही. आपण बोलत होतो असे त्यांचे म्हणणे होते. न्यूट्रल केल्याचे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, ते काय करायचं म्हनून केलं न्हाई. तितं तसंच होतं." रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या पायावरून त्याचे मन ओळखणाऱ्या माणसाला आपला स्वतःचा हात दिसला नव्हता.

मग खरे कारण निघाले. कंपनी प्रत्येक फेरीला ठरावीक डिझेल देते. त्यातून वाचलेले चालकाचे आणि कमी पडलेले त्याच्या भत्त्यातून कापायचे, अशी पद्धत आहे. "उतारावर गाडी सोडली की ॲव्हरेज जास्त पडतं, सर. पोरीच्या कॉलेजची फी त्यातनंच भरली मी." माझ्याजवळ या वाक्यावर देण्यासारखा कोणताही उपदेश नव्हता, आणि असता तरी दिला नसता.

पण टॅबवर डिझेलच्या वापराची रेघ नोंदलेली होती. मी ती उघडून त्यांच्यासमोर धरली. न्यूट्रलच्या अर्ध्या मिनिटात इंजिन ताशी सुमारे २ लिटर या दराने डिझेल घेत होते, कारण स्वतःला चालू ठेवण्यासाठी त्याला ते जाळावेच लागते. त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना, तीच रेघ तळाला टेकली होती. आकडा शून्य. उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचे इंजिन डिझेल पूर्ण तोडते. न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी धावते आणि तळाशी वेग थोडा जास्त मिळतो हे खरे, पण तो वेग पुढच्या गर्दीत ब्रेकनेच मारावा लागतो. मामांनी बोटाने ती रेघ दोनदा सरकवून पाहिली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

"म्हंजे जे वाचवतोय म्हनत हुतो, ते जळतच हुतं?"

"या उतारावर तरी हो, मामा."

जेवणानंतर त्यांनी आपणहून दुसरी फेरी मागितली. वेळापत्रकात ती नव्हती, तरी मी लगेच निघालो. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी वेग उतरवला आणि चौथा टाकला. बाहेर पडल्यावर त्यांचा आवाज थोडा कापरा होता, पण थांबला नाही. "चौथा हाय. एक्झॉस्ट ब्रेक चालू. चाळीस. मागचा हॉर्न देतोय, देऊ दे. हात गिअरवर चाललाय... मागं घेतला. चाळीस. दरी पूल. हात परत चाललाय... मागं घेतला." स्वामीनारायण मंदिरापर्यंत हात चार वेळा गेला आणि चारही वेळा त्यांनी तो बोलून परत आणला. मी एक शब्दही बोललो नाही. संध्याकाळी त्यांनी त्या रेघेचा फोटो मागून घेतला. त्यांचा भाचा त्याच कंपनीत सोलापूरच्या फेऱ्या करतो, त्याला पाठवायचा होता.

अहवालात मी सातही चालकांविषयी लिहिले आणि वेगळ्या परिच्छेदात डिझेलच्या पद्धतीविषयी लिहिले. ज्या बचतीसाठी चालक गाडी न्यूट्रलला सोडतो त्या बचतीवर त्याचे घर चालवणाऱ्या व्यवस्थेने त्याला सुरक्षितता शिकवण्यासाठी माझ्याकडे पाठवावे, हे मला मान्य नाही. कंपनीच्या वाहतूक व्यवस्थापकांचा दोन आठवड्यांनी फोन आला. चालकांचे शेरे त्यांना उपयोगी वाटले होते. डिझेलचा विषय प्रशिक्षणाच्या कक्षेत येत नाही, असे त्यांचे मत होते. पद्धत अजून तशीच आहे. पुढची तुकडी येत्या महिन्यात यायची आहे, आणि या वेळी व्यवस्थापकांनी स्वतः एक फेरी चालकाशेजारी केबिनमध्ये बसून बोगद्यापासून खाली उतरावे, ही अट मी होकार देतानाच पत्रात घातली आहे.