आमची वाटचाल : ओट्सची कुकी आणि पाकिटावरचा आकडा

वेंगुर्ला तालुक्यातील आमची बेकरी मूळची पाव, बटर, खारी आणि नानकटाईची. माझ्या सासऱ्यांनी बांधलेल्या लाकडाच्या भट्टीवर पहाटे पाव निघत असे आणि तो गावात वाटून झाला की उतरत्या आचेवर नानकटाई लावली जाई. ओट्सच्या कुकीज हा त्या मानाने अलीकडचा उद्योग असून त्याच्या मुळाशी कोणतीही मोठी कल्पना नव्हती. नानकटाई किलोने नेणारी घरे हळूहळू पाव किलोवर आली आणि पुढे त्या घरांतील वडीलधारी माणसे, ‘आमका आता ह्या चालना नाय, डॉक्टरान बंद केल्यान,’ असे सांगून फक्त पाव घेऊन जाऊ लागली. त्यांच्या चहाबरोबर दुसरे काही देता येईल का, या विचारातून पुढचे सारे घडले. हा मजकूर मुख्यतः त्या ‘दुसऱ्या काही’चा आहे, कारण ‘कमी कॅलरी’ हे शब्द उच्चारायला जितके सोपे आहेत तितके ते भट्टीतून काढणे सोपे नाही, हे आम्हांला या कामाने शिकवले.

नानकटाईतील कॅलरी नेमक्या येतात कुठून, हे आम्ही आधी वहीत मांडले. एक ग्रॅम तुपातून किंवा लोण्यातून सुमारे ९ कॅलरी मिळतात (लोण्यात पाणी असल्यामुळे थोड्या कमी), तर पीठ, साखर आणि प्रथिने यांतून ग्रॅममागे सुमारे ४. त्यामुळे नुसती साखर काढून तिच्या जागी पीठ वाढवले तर गोडी जाते, पण बेरीज जवळजवळ तीच राहते. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ हलका होतो, ही समजूत आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची आहे, परंतु १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास आणि गुळात ३८० च्या आसपास कॅलरी असतात, एवढाच काय तो फरक. आम्ही घाटावरून येणारा कोल्हापुरी गूळ वापरतो तो त्याच्या खमंग चवीसाठी, आणि तसे स्पष्ट सांगतो. खरी बचत मोहनातच आहे. मात्र मोहन पिठाच्या कणांना वेढून बसते आणि त्यामुळे पीठ चिवट होत नाही. कुकीचा खुसखुशीतपणा त्याच्यावर उभा असतो. ते निम्म्याहून अधिक कमी केले की कुकी दगडासारखी कडक होते, आणि साखरही कमी केली असेल तर ती भट्टीत पसरत नाही व वरून रंगही धरत नाही.

ओट्स येथे उपयोगी पडले ते त्यांच्या कीर्तीपेक्षा त्यांच्या गुणधर्मामुळे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू सुमारे ४ टक्के असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि मोहन कमी झाल्यावर येणारा कोरडेपणा बराचसा झाकतो. कोकणात हे धान्य पिकत नाही. उत्तर भारतात ते मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठी घेतले जाते आणि खाण्याच्या ओट्सचा मोठा हिस्सा ऑस्ट्रेलियातून आयात होतो, म्हणून आमचा माल मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून येतो. ओट्समध्ये गव्हापेक्षा बरीच अधिक, सुमारे ७ टक्के चरबी असते आणि ती फोडणारे विकरही (एन्झाइम) त्याच दाण्यात असते. दाणा वाफवून ते विकर निष्क्रिय केले नाही तर माल थोड्याच काळात कडवट होतो. म्हणूनच आम्ही नव्या पोत्यातील मूठभर ओट्स कोरडे चावून पाहिल्याशिवाय पोते उतरवून घेत नाही. जाड, लाटलेले ओट्स आम्ही निम्मे तसेच ठेवतो आणि निम्मे भाजून दळतो. सगळेच दळले तर कुकी पिठूळ लागते आणि सगळेच अख्खे ठेवले तर ती हातात सुटते.

कमी केलेल्या मोहनाची जागा भरून काढण्याचे काम आम्ही फळांवर सोपवले, आणि आमचा बहुतेक अभ्यास तेथेच झाला. हापूसच्या गरात १०० ग्रॅमला साधारण ६० ते ७० कॅलरी असतात, तर लोण्यात ७०० हून अधिक. कागदावर हा व्यवहार फारच फायद्याचा दिसतो. प्रत्यक्षात गरातील पाच भागांपैकी चार भाग पाणी असते, आणि ते पाणी भट्टीतून बाहेर काढावे तरी अडचण, न काढावे तरी अडचण. ते राहिले तर कुकी केकसारखी मऊ होते आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरते. ते घालवण्यासाठी जास्त वेळ भाजले तर आंब्याचा वास आधी उडतो आणि पाणी मागाहून जाते. शेवटी गर मंद आचेवर आटवून घट्ट करून पिठात मिसळायचा आणि वासासाठी आंबापोळीचे बारीक तुकडे वरून घालायचे, असा मार्ग आम्हांला सापडला. बाजारातील डबाबंद आमरसात बहुधा साखर मिसळलेली असते, म्हणून आम्ही बिनसाखरेच्या गराचे ३.१ किलोचे मोठे डबे हंगामातच सांगून ठेवतो. आंबापोळीही बिनसाखरेची लागते. ती वाळवून देण्याचे काम गावातील काही घरे एप्रिल-मे महिन्यांत करतात. आंब्याच्या कुकीत आम्ही वेलचीऐवजी जायफळ घालतो, कारण जायफळ भट्टीच्या उष्णतेत टिकते आणि ते आमच्या परिसरातील नारळीपोफळीच्या बागांतूनच मिळते.

फणसाचा स्वभाव नेमका उलटा. आंब्याचा वास टिकवावा लागतो, तर फणसाचा आवरावा लागतो. बरक्या फणसाचा रस कुकीला चांगला ओलावा देतो, पण प्रमाण थोडे वाढले की सगळ्या बेकरीला, आणि पुढच्या घाण्यातील खारीलासुद्धा, फणसाचा वास लागतो. त्यामुळे फणसाची कुकी आठवड्यातून एकाच दिवशी, सर्वांत शेवटी भाजली जाते.

कोकमाने आम्हांला रसायनशास्त्र शिकवले. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीचा लाल रंग आम्लात लाल राहतो आणि क्षारात बदलतो, त्यामुळे खाण्याचा सोडा घातलेल्या पिठात त्याचा राखाडी-जांभळा रंग होतो आणि तो पाहून कोणीही कुकी हातात घेणार नाही. आता कोकम-मनुका कुकीत सोडा अजिबात नसतो, ती जरा घट्ट असते, आणि तिच्यात मिठाचे आमसूल न वापरता मीठ न लावता वाळवलेली साल वापरली जाते. आमच्या सर्व प्रकारांत माझ्या स्वतःच्या आवडीचा प्रकार हाच आहे, आणि सर्वांत कमी खपणाराही हाच.

काजूविषयी लिहिताना हात जरा आखडतो. वेंगुर्ल्याचे नाव काजूच्या जातींवर आहे, येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून आलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमे जिल्हाभर लागलेली आहेत आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावात राहून काजू कमी घालावा लागतो, हे येथील माणसाला पटवणे कठीण आहे. तथापि १०० ग्रॅम काजूगरात सुमारे ५५० कॅलरी असतात आणि बदामात त्याहून थोड्या अधिक. मूठभर सुकामेवा घालून ‘हलकी’ कुकी विकणे आम्हांला रास्त वाटेना. म्हणून आम्ही अख्खा गर न वापरता तुकडा घेतो, तो भाजून आणखी बारीक करतो आणि पिठात सर्वत्र जाईल असा मिसळतो. प्रमाण थोडे असले तरी प्रत्येक घासाला काजू लागतो, आणि तुकडा अख्ख्या गरापेक्षा स्वस्त असल्याने हिशेबही सांभाळला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे कॅलरी किती कमी झाल्या याकडे, येते. प्रमाण स्थिर झाल्यावर आम्ही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. आमच्या जुन्या लोण्याच्या कुकीत १०० ग्रॅमला सुमारे ५०० कॅलरी होत्या आणि आंबा-काजू ओट्स कुकीत सुमारे ४३०. एवढ्या खटाटोपानंतर फक्त १४ टक्के फरक, हे पाहून माझे पती काही वेळ बोललेच नाहीत. परंतु थोडा विचार केला तर यात आश्चर्य नाही. कोरड्या ओट्समध्येच १०० ग्रॅमला ३९० च्या जवळपास कॅलरी असतात, साखरेत ४००; तेव्हा भाजून पाणी काढलेला कोणताही पिठाचा पदार्थ त्याच्या फार खाली जाणार कसा? त्याखाली जायचे तर पाणी ठेवावे लागते, किंवा माल्टिटॉलसारखी गोडी आणणारी पर्यायी द्रव्ये घालावी लागतात. ती जास्त खाल्ल्यास पोट ढाळते आणि तशी सूचना पाकिटावर छापावी लागते. तो मार्ग आम्ही घेतला नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे, आणि तो आम्हांला अडचणीचा वाटण्याऐवजी सोयीचा वाटला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार घन पदार्थावर ‘कमी ऊर्जा’ असे लिहायचे असेल तर त्यात १०० ग्रॅमला ४० पेक्षा अधिक कॅलरी असता कामा नयेत. या कसोटीला पिकलेला हापूससुद्धा उतरत नाही. कुकीचे तर नावच सोडा. दुसऱ्या पदार्थाशी तुलना करून आपल्या मालात ‘तुलनेने कमी’ कॅलरी आहेत असे लिहायचे तर फरक निदान २५ टक्के असावा लागतो, आणि आमचा तेवढा नाही. त्यामुळे आमच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूला ‘कमी कॅलरी’, ‘डाएट’ किंवा ‘मधुमेहींसाठी’ यांपैकी एकही शब्द नाही. तेथे फळाचे नाव आहे आणि त्याखाली एका कुकीतील कॅलरींचा आकडा आहे. या आकड्यातच आमची खरी करामत आहे, आणि ती अगदी साधी आहे: आमची नानकटाई २५ ग्रॅमची, म्हणजे नगामागे सुमारे १२५ कॅलरींची, आणि ही कुकी १२ ग्रॅमची, म्हणजे नगामागे सुमारे ५२ कॅलरींची. माणूस चहाबरोबर ग्रॅम मोजत नाही, नग मोजतो. ओट्समुळे ती चावायला वेळ लागतो, फळामुळे तोंडात चव रेंगाळते, आणि दोन कुकींवर बहुतेकांचे समाधान होते. चार खाल्ल्या तर हा सारा हिशेब फुकट जातो, हेही आम्ही विचारणाऱ्याला सांगतो.

ओट्सने कोलेस्टेरॉल कमी होते, असे पाकिटावर छापण्याचा सल्लाही आम्हांला अनेकांनी दिला. त्या समजुतीमागे आधार आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्समधील विद्राव्य तंतूंविषयीच्या दाव्याला मान्यता दिली, पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम तंतू पोटात जावे लागतात. आमच्या एका कुकीत ओट्स पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बीटा-ग्लुकन सुमारे ०.२ ग्रॅम. तीन ग्रॅम गाठायला चौदा-पंधरा कुकीज खाव्या लागतील आणि त्यांतून साडेसातशे कॅलरी येतील. सकाळी वाटीभर ओट्सची पेज करून खाणे त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे. त्याचप्रमाणे आमच्याकडे मैदा व गव्हाचे पीठ वापरले जात असल्याने ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्दही आम्ही वापरत नाही. उलट गहू, ओट्स, दूध आणि काजू-बदाम यांची ॲलर्जीविषयक सूचना ठळक छापतो.

पावसाळा हा आमच्या धंद्याचा वेगळाच विषय आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतील दमटपणा इतका असतो की उघड्या परातीतील कुकी संध्याकाळपर्यंत सादळते, आणि मोहन कमी असलेली कुकी सर्वांत आधी. घाईने गरम कुकी पाकिटात भरली तर आत वाफ धरते, आणि थंड होण्याची वाट पाहावी तर ती बाहेरचा ओलावा ओढून घेते. यावर उपाय म्हणून भट्टीशेजारच्या खोलीत हवा कोरडी करणारे यंत्र बसवले आणि धातूचा मुलामा असलेले तीन पदरी पाकीट वापरायला सुरुवात केली. ते पाकीट साध्या प्लॅस्टिकपेक्षा महाग पडते, त्यातून आतली सुंदर कुकी दिसत नाही म्हणून दुकानदार कुरकुरतात, पण प्रकाश आणि हवा अडल्यामुळे काजू खवट होत नाही. पावसाळ्यातील पाकिटावर आम्ही विक्रीची मुदतही कमी ठेवतो.

पैशांविषयी थोडक्यात. नवी फिरती भट्टी आम्ही पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतून घेतली. या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. कागदपत्रांसाठी जिल्हा संसाधन व्यक्तीची मदत झाली. जुनी लाकडी भट्टी आम्ही मोडली नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने जिल्ह्यातील वीज गेली तेव्हा गावाला पाव त्याच भट्टीने दिला. ओट्सची कुकी मात्र तिच्यावर होत नाही. तिला १५० ते १६० अंशांची सारखी आच लागते.

खपाचा मोठा भाग अजूनही गणपती आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांचा आहे, जे परतताना मुंबईला पाकिटे नेतात आणि नंतर कुरिअरने मागवतात. गावातील खप हळू वाढला. येथे कुकीला अजूनही ‘ती बारकी बिस्किटा’ म्हणतात, आणि एवढ्याशा बिस्किटाला एवढे पैसे का, हा प्रश्न थांबलेला नाही. ओट्स मैद्यापेक्षा महाग आहेत, गर आटवायला गॅस जातो आणि लहान नग मांडायला मजुरी दुप्पट लागते, हे उत्तर दरवेळी द्यावे लागते.

एक आक्षेप मात्र आम्हांला मान्य आहे. कोकणच्या वरकस जमिनीत नाचणी पिकत असताना परदेशी धान्य का, असे जाणकार माणसे विचारतात. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ती ओट्सपेक्षा कमी चरबीची आहे आणि आमच्या दारात पिकते. तिची अडचण एवढीच की ती ओट्सप्रमाणे पाणी धरत नाही, आणि मोहन कमी केले की तिची कुकी वाळूसारखी विरते. सध्या आम्ही दळलेल्या ओट्सचा निम्मा भाग काढून तेथे मोड आणून भाजलेल्या नाचणीचे पीठ घालून पाहत आहोत, सोबत आटवलेला फणसाचा रस. कुकी आता तुटत नाही. नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत. अहवाल आला की पाकिटावरचा आकडा आणि किंमत ठरवून ती दिवाळीच्या सुमारास विक्रीस ठेवण्याचा विचार आहे.